श्वास आमचा, वेळापत्रक त्यांचे

कचेऱ्यांतून फिरणारे एक परिपत्रक आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. कर्मचाऱ्यांवरील ताण आणि चिंता कमी व्हावी या हेतूने व्यवस्थापनाने योग व श्वसनाचे सत्र आयोजित केले आहे. बुधवारी सायंकाळी साडेसहा वाजता तळमजल्यावरील सभागृहात सर्वांनी उपस्थित राहावे. सैल कपडे घालावेत. येण्यापूर्वी दोन तास काही खाऊ नये. खाली मनुष्यबळ विभागाचे नाव, आणि शेजारी पद्मासनात बसलेल्या एका गोऱ्या बाईचे चित्र. या परिपत्रकातील प्रत्येक शब्द निरुपद्रवी असतो, आणि म्हणूनच ते कोणी नीट वाचत नाही. आम्ही ते नीट वाचावयाचे ठरवले. कचेरी सुटण्याची कागदोपत्री वेळ सहाची आहे. म्हणजे ताण उतरविण्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतःच्या पदरचा एक तास द्यावयाचा, नेहमीची लोकल सोडावयाची आणि साडेचारपासून उपाशी पोटी राहून आठच्या गाडीत लोंबकळत घरी जावयाचे. ताण देणारा तास कंपनीचा, तो उतरवणारा तास कर्मचाऱ्याचा: ही विभागणी परिपत्रकात कोठेही लिहिलेली नसते, पण परिपत्रकाचा खरा मजकूर तोच असतो.

आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. नोकरीतला ताण बव्हंशी तीन गोष्टींनी ठरतो: कामाचे तास किती, ते काम करावयास माणसे किती, आणि ‘आज एवढेच होईल’ असे म्हणण्याची मुभा कोणाला. या तिन्ही गोष्टी कराराच्या आहेत. त्यांवर दोन पक्षांनी समोरासमोर बसून बोलता येते, भांडता येते, न्यायालयात जाता येते. योगसत्र हा विषय कराराच्या कागदावरून उचलते आणि कर्मचाऱ्याच्या छातीच्या पिंजऱ्यात नेऊन ठेवते. तेथे तो एकदा गेला, की समोर बोलावयास दुसरा पक्षच उरत नाही. उरतो तो तुमचा डावा नासापुट आणि उजवा नासापुट.

येथे एक खुलासा केलेला बरा, कारण महाराष्ट्रात या विषयावर बोलू लागले की ऐकणारा आपल्याला ताबडतोब दोनपैकी एका छावणीत नेऊन बसवतो. आम्ही प्राणायामास थोतांड म्हणत नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात; उच्छ्वास लांबवला की शरीराला विसाव्याचा इशारा मिळतो. हे कोणालाही स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून पाहता येते. २०२३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी रोज पाच मिनिटे, महिनाभर, लांब उच्छ्वासाचा सराव करणाऱ्यांची मनःस्थिती तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे तर ही परंपरा शंभर वर्षांची आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले, ते योगक्रियांना क्ष-किरणांच्या, रक्तदाबाच्या आणि प्राणवायूच्या मोजमापांपुढे उभे करण्यासाठी. नौली करताना पोटाच्या पोकळीतील दाब किती उतरतो हे त्यांना यंत्रावर पाहावयाचे होते. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याची ही हिंमत आम्हांला आजही थोर वाटते. त्यांच्या नावाने पुढे जो धंदा उभा राहिला त्यात मोजपट्टी फक्त एकाच गोष्टीला लावली जाते: सत्राला किती जण हजर होते.

तेव्हा श्वासाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते तो कोणाच्या बदली वापरला जातो याच्याशी.

‘स्ट्रेस’ हा शब्द शरीरशास्त्रात रुजवला तो हान्स सेल्ये यांनी. माँट्रियलला उंदरांवर केलेल्या प्रयोगांची त्यांची टिपणी १९३६ ची. उंदरांना थंडीत ठेवले, जखमा केल्या, शक्तीबाहेर पळवले. कारण कोणतेही असो, उंदराच्या अंगात होणारे बदल सारखेच निघाले: अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, जठरात व्रण. ही टिपणी वाचून कोणाही शहाण्या माणसास प्रथम काय सुचावे? उंदराला थंडीतून बाहेर काढावे, हेच ना? नव्वद वर्षांनी आपण असे ठरवले आहे की थंडी राहू द्यावी, उंदराला भस्त्रिका शिकवावी. मूळ शब्द तर अभियांत्रिकीच्या वापरातला. पूल वाकू लागला तर अभियंता त्यावरून जाणाऱ्या मालमोटारींचे वजन तपासतो. पुलाच्या लवचीकतेवर दोन दिवसांची निवासी कार्यशाळा घेत नाही. मनुष्यबळ विभागाच्या भाषेत मात्र ‘लवचीकता’ हा कर्मचाऱ्याचा सद्गुण झाला आहे आणि वजन हा शब्द गाळला गेला आहे.

वजन मोजणारे लोक नाहीत असेही नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच दाखवले, की कामाची मागणी नुसती मोठी असल्याने माणूस तेवढा खचत नाही. मागणी मोठी आणि स्वतःच्या कामावरचा ताबा छोटा, या जोडीने खचतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरवर दडपण असतेच, पण सुरी कोठे लावावयाची ते तोच ठरवतो. कॉल सेंटरमधील मुलीवर दडपण असते आणि तिला लघवीस जाण्यासाठीही पडद्यावरची कळ दाबून कारण नोंदवावे लागते. क्रिस्टिना मॅस्लाक यांचे ‘बर्नआउट’वरील संशोधन १९७० च्या दशकापासूनचे, त्यांनी आणि मायकेल लायटर यांनी शिणून कोसळण्याची जी कारणे मांडली त्यांत कामाचा भार, ताबा, मोबदला, सहकारी, न्याय आणि मूल्ये या सहा गोष्टी आहेत. श्वास चुकीचा घेणे हे त्यांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती रोग म्हणून केली नाही, कामाच्या जागेशी निगडित घटना म्हणून केली.

आता कोणी म्हणेल, कारण काहीही असो, उपाय लागू पडत असेल तर तुमचे काय जाते? पण तो तेथे लागू पडतो का, हाच प्रश्न आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासून जानेवारी २०२४ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष कोरडा आहे: ध्यान, लवचीकतेचे प्रशिक्षण, ताण-व्यवस्थापन, आरोग्याची ॲप यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात लाभ म्हणावा असा फरक आढळला नाही. अपवाद एकच, स्वयंसेवेच्या कामात सहभागी होणाऱ्यांचा. हा एका वेळचा पाहणी-अभ्यास आहे, नियंत्रित प्रयोग नव्हे, आणि अधिक त्रासलेली माणसेच अशा सत्रांना जात असतील ही शंका पुरती मिटत नाही, हे मान्य. पण कोट्यवधी रुपयांचा धंदा ज्या दाव्यावर चालतो त्याला पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते. स्टॅनफर्डचा प्रयोग आणि फ्लेमिंग यांची पाहणी यांत आम्हांला विरोधही दिसत नाही. जो माणूस आपल्या मर्जीने, आपल्या घरी, आपल्या वेळात पाच मिनिटे डोळे मिटतो त्याला विसावा मिळतो. ज्याला डोळे उघडल्यावर ४१ न वाचलेले ईमेल दिसणार आहेत, आणि ज्याला ते डोळे मिटलेले असतानाही ठाऊक आहे, त्याची गोष्ट निराळी.

योगाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी खरे तर आमच्याआधी रागवावयास हवे होते. पतंजलींची आठ अंगे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्यांत आसन तिसरे आणि प्राणायाम चौथा. पहिले अंग यम: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. कचेरीतील योग तिसऱ्या अंगापासून सुरू होतो. पहिली दोन कोठे गेली, असे विचारण्याचा शिष्टाचार नाही. कारण यम माणसाच्या इतरांशी असलेल्या वागणुकीबद्दल आहेत. ते सभागृहात मांडले तर मागच्या रांगेत बसलेल्या संचालकांनाही लागू होतील. अस्तेय म्हणजे जे आपले नाही ते न घेणे. सहानंतरचा तास कोणाचा असतो? अपरिग्रह म्हणजे गरजेहून अधिक न साठवणे. पाच माणसांचे काम तिघांकडून करून घेऊन उरलेले दोन पगार वाचवणे याला काय म्हणावे? आणि सत्य हे की, मुलाखतीच्या वेळी जे तास सांगितले होते ते तसे नव्हते. कोणत्याही कचेरीत योगाचार्यांनी पहिल्या सत्रात फक्त अस्तेयावर अर्धा तास बोलून दाखवावे. दुसऱ्या सत्राचे निमंत्रण येते का ते आम्ही पाहू.

गीतेचेही तेच. दुसऱ्या अध्यायातील, योग म्हणजे कर्मातील कौशल्य अशा अर्थाचा चरण या मंडळींना फार प्रिय आहे. खरगपूरच्या आयआयटीचे ते बोधवाक्य आहे आणि प्रशिक्षकांच्या पहिल्या स्लाइडवर ते हमखास असते. त्या चरणाचा अर्थ ‘कार्यक्षमता’ असा लावला की सहामाही उद्दिष्टे आणि भगवान श्रीकृष्ण एका रांगेत येतात. टिळकांनी मंडालेत बसून शेकडो पानांत ज्या शब्दाशी झुंज दिली त्याची ही वासलात. पण सहावा अध्याय स्लाइडवर येत नाही. तेथे योग कोणाला साधत नाही ते स्पष्ट सांगितले आहे: फार खाणाऱ्याला नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि फार जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप, जाग या सर्वांचे माप ठरलेले असावे, मग योग दुःख हरतो. म्हणजे अमेरिकेच्या घड्याळावर रात्रभर जागणाऱ्या हिंजवडीच्या मुलाला गीतेच्या हिशेबाने योगाचा अधिकारच पोचत नाही. आधी त्याची पाळी बदलावी लागेल. मापात काम ही योगाची पूर्वअट आहे. आपण ती योगाची फलश्रुती करून टाकली.

सरकारी पातळीवरचे पाऊल याहून साधे आणि प्रामाणिक होते, हे सांगितले पाहिजे. आयुष मंत्रालयाने कामाच्या जागेसाठी पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ तयार केला. जानेवारी २०२० मध्ये त्याची चाचणी झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ॲप आले. ताडासन, कटिचक्रासन, अर्धचक्रासन, नाडीशोधन, भ्रामरी, शेवटी थोडे ध्यान. निदान हे कामाच्या वेळात करावयाचे आहे, घरच्या नाही. पण हिशेब करून पाहा. नऊ तासांचे ५४० मिनिटे. त्यांतली पाच म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. उरलेल्या ५३५ मिनिटांबद्दल ॲप मौन पाळते. कारखाने अधिनियम, १९४८ सलग पाच तास कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती देत असे आणि त्या अर्ध्या तासात मजुराने भ्रामरी करावी की विडी ओढावी याची चौकशी करीत नसे. जुन्या कायद्याची ही बेफिकिरी आम्हांला आजच्या काळजीपेक्षा अधिक सभ्य वाटते. त्याने वेळ दिला आणि पाठ फिरवली. आताचा मालक वेळ देत नाही, पण दिलेल्या पाच मिनिटांत तुमच्या मनाच्या आत डोकावून ते शांत झाले की नाही हे विचारतो. आमच्या परिचयातील एका कचेरीत तर या सत्रांतील ‘सहभाग’ वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात एक रकाना होऊन बसला आहे. सत्र अर्थातच ऐच्छिक.

त्या सभागृहात चटया कोण घालते, हेही पाहण्याजोगे असते. हाउसकीपिंगच्या मावशी सकाळी सातला आलेल्या असतात; सत्र साडेसातला संपेपर्यंत त्यांना थांबावे लागते, कारण चटया गुंडाळून ठेवावयाच्या असतात. दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक बारा तासांच्या पाळीवर असतो. दोघेही कंत्राटदाराची माणसे. त्यांना परिपत्रक जात नाही. ज्यांची पाठ खरोखर दुखते, ज्यांना खरोखर बसावयास मिळत नाही, त्यांच्या ताणाचे व्यवस्थापन करण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण त्यांच्या ताणाने कोणाची उत्पादकता घटत नाही. घटलीच तर माणूस बदलता येतो. आणि ज्यांच्या मनात येते ते काय करतात? अमेझॉनने मे २०२१ मध्ये आपल्या अमेरिकेतील गोदामांसाठी ‘अमाझेन’ नावाची पेटी दाखवली: टेलिफोन बूथएवढी जागा, आत एक खुर्ची, एक पडदा, थोडी झाडे, कामगाराने आत शिरून मन शांत करावे. जगभर इतकी टिंगल झाली की चित्रफीत काढून घ्यावी लागली. त्याच कंपनीच्या मानेसरच्या गोदामात, मालमोटारी रिकाम्या होईपर्यंत पाणी पिण्यास वा लघवीस जाणार नाही अशी शपथ कामगारांकडून घेवविल्याची बातमी जून २०२४ मध्ये आली, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोटीस काढली. पेटी आणि शपथ ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

आता पुण्याकडे येऊ. २०२४ च्या मार्चमध्ये २६ वर्षांची एक सनदी लेखापाल ईवाय या जागतिक संस्थेच्या पुणे कचेरीत रुजू झाली आणि जुलैत मरण पावली. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने संस्थेच्या भारतातील अध्यक्षांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. मृत्यूचे वैद्यकीय कारण सांगण्याचा आमचा अधिकार नाही, आणि कामाच्या दडपणाने हे झाले असे आपण मानत नाही, असे संस्थेने म्हटले आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांला पुढच्या दोन गोष्टी नोंदवावयाच्या आहेत. पहिली: केंद्रीय अर्थमंत्र्यांनी चेन्नईतील एका शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात या घटनेचा नाव न घेता उल्लेख केला आणि दडपण पेलण्यासाठी आंतरिक शक्ती हवी, ती ईश्वरनिष्ठेतून येते, घरांनी आणि महाविद्यालयांनी ती शिकवावी, अशा आशयाचे भाषण केले. टीका झाल्यावर त्यांनी खुलासाही केला, की मृत मुलीस दोष देण्याचा हेतू नव्हता. हेतू नसेलच. पण अंगी मुरलेली सवय अशीच बोलते: भार पाहण्याआधी भारवाहकाचे मणके पाहावयाचे.

दुसरी गोष्ट कमी गाजली आणि आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे. राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी त्या कचेरीत तपासणीस गेले तेव्हा असे आढळले, की २००७ पासून चालू असलेल्या या कचेरीची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. नोंदणीचा अर्ज फेब्रुवारी २०२४ मध्ये आला होता आणि एवढ्या विलंबामुळे तो फेटाळला गेला होता. हा तोच कायदा आहे जो रोज किती तास काम घेता येईल हे सांगतो. सतरा वर्षे कोणी विचारले नाही. आणि कायद्याची स्वतःची पळवाटही आहे: विश्वासाच्या, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षणाच्या जागांना २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा लागू होत नाही. आपल्या ओळखीतल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलेले असते, त्यांच्या हाताखाली एक माणूस नसतो. ते पद कशासाठी आहे असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी कायद्याचे ते कलम वाचावे.

या शहरांना ताणाचे औषध ठाऊक नव्हते असे नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या पाहा: रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा, काम करताना इजा झाली तर भरपाई. ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या, सत्यशोधक परंपरेतल्या या माणसाला मनःशांतीचे महत्त्व कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण त्यांच्या निवेदनात मन हा शब्दच येण्याचे कारण नव्हते. सगळी कलमे घड्याळाची, कॅलेंडरची आणि पैशाची. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, दोन स्त्रियाही बोलल्या. आणि त्या वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या रविवारी सकाळी आज सोसायटीच्या गच्चीवर योगवर्ग भरतो, तो रविवार असा आलेला आहे.

दुसरे उदाहरण याच शतकातले, आणि ते पोलिसांचे. पोलिसांसाठी ताणमुक्तीची शिबिरे आपल्याकडे नवीन नाहीत. दर वर्षी कोणी ना कोणी गुरू येऊन कवायत मैदानावर त्यांना श्वास शिकवून जातो. मुंबईत बारा तासांची पाळी हा रिवाज होता, आणि बंदोबस्त लागला की बाराचे किती होतील याला धरबंध नव्हता. देवनार पोलीस ठाण्यात काम करणारे रवींद्र पाटील यांनी बसून एक वेळापत्रक आखले: आहे त्याच मनुष्यबळात आठ तास काम आणि सोळा तास विसावा कसा बसवता येईल याचे. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते बाजूला टाकले नाही. मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला आणि पुढे इतर ठाण्यांत टप्प्याटप्प्याने नेला गेला. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला कर्मचाऱ्यांसाठी आठ तासांची पाळी प्रायोगिक तत्त्वावर जाहीर केली. ही व्यवस्था सगळीकडे आणि सदैव टिकली असा दावा आम्ही करणार नाही. सणवार, निवडणुका, रिक्त जागा यांपुढे तिची ओढाताण होत आली आहे. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. अमुक हजार माणसांच्या खात्यात ताण या विषयावर सर्वांत शहाणे काम ज्याने केले त्याच्या हातात चौकटींचा एक कागद होता. कॅरासेक यांचे नाव त्यांनी ऐकले असण्याचे कारण नाही. माणूस किती वाजता घरी पोचेल हे त्याला आदल्या दिवशी ठाऊक असणे म्हणजे काय, हे मात्र बारा तासांच्या पाळीत उभे राहिल्यावाचून कळत नाही.

आमच्या या भूमिकेला दोन आक्षेप येतात. एक असा, की तास कमी होणे आपल्या हाती नाही, तोवर श्वास तरी घेऊ द्या. जरूर घ्यावा. तो घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही हीच तर श्वासाची थोरवी. मग त्यासाठी कंपनीचे सभागृह, कंपनीचा प्रशिक्षक आणि कंपनीचा हजेरीपट कशाला? दुसरा आक्षेप योगशिक्षकांच्या पोटाचा. हा खरा आहे आणि त्याला आमच्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. कचेऱ्यांत सत्रे घेणारे बहुतेक शिक्षक ताशी मानधनावर फिरतात. त्यांना रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि एका दिवसात वाकडपासून खराडीपर्यंत चार कंपन्या गाठताना त्यांचा स्वतःचा प्राण कंठाशी येतो. त्यांतल्या काहींशी आम्ही बोललो आहोत. सत्राच्या शेवटी शवासनात निम्मी माणसे घोरू लागतात, असे त्या सांगतात. एकीने सांगितले, मी त्यांना उठवत नाही, ताई. शिकवण्यापेक्षा ती वीस मिनिटे झोप जास्त कामाची. इतके नेमके निदान आम्ही कोणत्याही सल्लागार संस्थेच्या अहवालात वाचलेले नाही.

दरम्यान हवा कोणत्या दिशेने वाहते आहे? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्यास सत्तर तासांचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचे नव्वद तासांविषयीचे बोल बाहेर आले, रविवारीही काम करवून घेता येत नाही या खंतीसह. लोखंडे यांच्या १० जूनला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी खंत तीच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्यास ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा, आणि दुकाने व आस्थापनांतील नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामास दुप्पट मोबदला आहे, असे सांगितले जाते. पण ज्या कचेऱ्यांत हजेरीच लिहिली जात नाही तेथे जादा काम कोणते हे कोण ठरवणार?

तेव्हा पुढच्या वेळी ते परिपत्रक आले, तर आमच्या वाचकांनी त्यास उलट टपाली उत्तर पाठवावे असे आम्ही सुचवतो. सौम्य भाषेत, सही करून, आणि शक्य तर एकट्याने नव्हे. विचारावयाचे एवढेच: सत्राचा तास कामाच्या तासांत धरला जाईल का, चटया घालणाऱ्यांना सत्रास बसता येईल का, आपल्या आस्थापनेची नोंदणी झालेली आहे का, आणि गेल्या तीन महिन्यांत कोणी किती जादा तास भरले त्याची वही कोठे पाहावयास मिळेल. प्रशिक्षकाचे मानधन, फळांचा रस आणि चटयांचे भाडे यांपेक्षा या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्वस्त पडते. वही ठेवलेली असेल तर ती फक्त दाखवावयाची असते.